चिरांची टोपी

"विणकाम म्हणजे दोन सुया आणि चार गप्पा," असं भाऊसाहेब बोलून गेले आणि फसले. बोलले तेही बायकोच्या विणकाम मंडळासमोर. आपल्या भागातल्या जुन्या नक्षीचे स्वेटर आणि टोप्या मांडायचं मंडळाचं प्रदर्शन तोंडावर आलेलं.

"मग एक टोपी होऊन जाऊ दे," बायको म्हणाली. "गॅलरीतल्या स्टुलाला जोडीदार हवाच आहे."

हे स्टूल भाऊसाहेबांनी हौसेने करायला घेतलेलं. तीन पाय झाले, चौथा राहिला. (तेव्हापासून ते भिंतीला टेकून उभं होतं आणि बायको येता-जाता त्याचा उद्धार करत होती.)

"टोपी पुरी झाली, लोकांनी वाखाणली, तर पुन्हा स्टुलाचं नाव काढायचं नाही," भाऊसाहेबांनी अट घातली.

"कबूल."

घरात त्यांच्याबरोबर राहणारी आत्या लेकीकडे गेली होती. भाऊसाहेबांनी माळ्यावरची तिची ट्रंक उपसली. तळाशी जुनी लोकरी टोपी निघाली. डोंगरांसारखी नक्षी, वर गोंडा, दोन्ही बाजूंना एकेक चीर. नक्षी कळेना म्हणून त्यांनी ती उसवत उसवत तशीच नवी विणली. ऑफिसात विणताना पाहून साहेब हसले, शिपायाने "बाळाला का?" म्हणून विचारलं. भाऊसाहेब बधले नाहीत.

"या चिरा कशाला?" बायकोने विचारलं.

"कानांसाठी. आपले पूर्वज डोकं झाकायचे, पण कान उघडे ठेवायचे."

"तुमचं नेमकं उलटं."

प्रदर्शनात ते टोपी घालूनच उभे राहिले. एक चीर जरा लांब होती, त्यातून कानाबरोबर केसांचा झुबकाही बाहेर आला. (पूर्वजांचा उजवा कान मोठा असावा, असा त्यांनी खुलासा केला.) बायका कौतुकाने वाकून पाहू लागल्या. स्टूल सुटलं, असं त्यांना वाटलं, तोच आत्या परस्पर तिथे आली.

"अरे, ही माझ्या किटलीची टोपी, चहा गरम राहायला," ती म्हणाली. "इथून तोटी बाहेर येते, इथून मूठ."

हॉल हसून लोटपोट झाला. भाऊसाहेबांनी टोपी आणखी खाली ओढली.

"असेल. मी विणलीय, मी घालणार. कोण काढतं बघू."

ते टोपीसकट रस्त्याने घरी आले, टोपीसकट जेवले, सकाळी टोपीसकट चहाला बसले. कौतुक झालंच होतं, म्हणून बायकोनेही शब्द पाळला. स्टुलाचं नाव नाही. भाऊसाहेबांनी विजयी मुद्रेने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"चहा गार आहे."

"असणारच," आत्या म्हणाली. "टोपी रिकाम्या भांड्यावर आहे ना."