सरकारच्या कानास तीन शेले पांघरिले त्याची हकीकत

श्री आकाश प्रसन्न. ज्याने पोकळीतही हद्दी आखिल्या त्यास दंडवत घालोन, शके सतराशे चोवीस, दुंदुभी नाम संवत्सरे, वैशाख वद्य पंचमीस जे घडले ते लिहिले ऐसे जे:

विसाजीपंत गळतीनवीस दारी आला तो वहाणा न काढताच आत आला, आणि गूळपाणी पुढे केले तो "आधी सरकारचा मान" म्हणोन तोंड फिरविले, आणि जोते पाहोन नाक मुरडिले, ही गोष्ट ठकूबाईसाहेबांस फार लागली. बाईसाहेब म्हणजे रेडिओच्या मनोऱ्याच्या धनीण. अक्षरांशी ओळख सहीपुरती, परंतु जिभेस धार ऐसी की जावई पंगतीत चार पाने सोडोन बसत. त्या राज्यात भुईसारखे रेडिओच्या लहरींचेही पट्टे वाटिले होते, आणि बाईसाहेबांचा पट्टा त्यांच्या सासूने मिळविलेला, वादळाची वर्दी देऊन अठरा गावे वाचविली त्याबद्दल. मनोऱ्याच्या एकाच कर्ण्यातून तीन बोल्या एकदम निघत. एक जुनी सावकाश, एक मधली, आणि एक नवी, अंगाने रुंद आणि उतावीळ. शेजारचा पट्टा हैबतरावाचा. हुकूम ऐसा की आपला आवाज शेजारी हजारात एक वाटा सांडला तर माफ, त्याउपर सांडला तर पट्टा जप्त करोन शेजाऱ्यास द्यावा. बाईसाहेबांचा आवाज आपल्या पट्ट्यात सांडतो अशी हैबतरावाने अर्जी केली, आणि मग ती सांडलेली गळती मोजावयास पंतांसह सरकारचा कान निघाला.

हा कान पितळेचा, पुरुषभर उंच, पालखीत बसे, आठ भोई, पुढे चवरी, आणि माप दाखविणाऱ्या काट्यास जरीची टोपी. रिवाज ऐसा की कान जेथे जाईल तेथे पहिल्या मानाच्या जागी बसावा, आणि मनोऱ्यावर पहिला मान म्हणजे कर्ण्याचे ऐन तोंड. बाईसाहेब म्हणाल्या, "पंत, ओसरीवर बसवा की त्याला. इथं कानठळ्या बसतील."

पंत म्हणाले, "सरकारचा कान ओसरीवर? बाई, कुणाशी बोलताय?"

मग तिन्ही बोल्या सोडिल्या, आणि बोल्या वेगळाल्या पारखावयास पंतांनी कानास चाळण्या लाविल्या, ज्या बोलीचे जेवढे अंग तेवढी चाळण, आणि काटा पाहिला तो आवाज आठशे आणि शेजारच्या पट्ट्यात गळती आठ. शंभरात एक! तमाशा पाहावयास आलेल्या हैबतरावाने मिशीस पीळ दिला आणि पंतांनी जप्तीचा कागद काढिला. बाईसाहेब पदर सावरोन उभ्या राहिल्या. आणि तेव्हा कर्ण्याजवळच्या फळीवरली परात झणझण करिते हे त्यांनी ऐकिले. परातीवर हात ठेविला, झणझण थांबली. हात काढिला, पुन्हा सुरू. त्यांनी परातीकडे पाहिले, मग कानाकडे पाहिले, आणि सुनेस हाक मारोन म्हणाल्या, "लग्नातले शेले आण गं. सरकारचा मान करायचा राहिलाच."

मग एक शेला कानावर घातिला. पंत कळवळले, "अहो, ऐकू कमी येईल!"

"शेला नाकारताय? सरकारचा?"

पंतांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मानाचा शेला परतविणे हा त्या राज्यात मोठा गुन्हा. काटा पाहिला तो आवाज निम्मा, चारशे. आणि गळती एक.

बाईसाहेब म्हणाल्या, "आवाज निम्मा झाला, तर सांडलेलं किती उरावं?"

"चार," पंत पुटपुटले.

"मग तीन कुठं गेले?"

"शेल्याने... गळतीच अधिक खाल्ली असेल."

"शेल्याला काय चव कळते?"

भोई खुसखुसले आणि चवरीवाल्याने चवरी तोंडावर धरिली. मग दुसरा शेला घातिला, आवाज दोनशे, गळती नखभर. आणि तिसरा घातिला तो आवाज शंभर आणि गळतीचा काटा टोपीसकट निजला. तेव्हा सर्वांस उमजले, की खरेच सांडत असते तर गळती आवाजाच्याच मापाने घटती, म्हणजे शेजारी काही सांडतच नव्हते; तिन्ही बोल्यांचा मारा तोंडावर घेऊन सरकारचा कानच परातीसारखा झणझणत होता, आणि आपलेच झणझणणे बाईसाहेबांच्या नावे सांगत होता. हैबतरावाची मिशी खाली आली आणि तो मागील दाराने गेला.

तात्पर्य, पट्टा राहिला, कागद फाटला, आणि कानास तीन शेल्यांनिशी पालखीत घातिले, कारण ते उतरविण्याची कोणाची छाती होईना. विसाजीपंत वहाणा हाती घेऊन निघाले, तेव्हा बाईसाहेब चौथा शेला घेऊन दारापर्यंत गेल्या आणि सर्वांसमक्ष बोलल्या, "पंत, कानाला मी दोष देत नाही, तो बसवला तिथं बसला. तुम्हाला मात्र मानाची जागा दिसली की पुढचं ऐकू येत नाही. हा शेला तुमचा. डोक्यावरून घ्या, आणि पुढच्या खेपेला ओसरीवर बसा."