धोंडोपंतांची कोरडी विहीर

घरासमोरचा रस्ता ओलांडायला धोंडोपंत तयार नसत. रस्ता तरी केवढा? दोन बैलगाड्या शेजारून गेल्या की संपला. पण आमचं देवास म्हणजे गाव एक आणि राज्यं दोन. पंतांच्या ओट्याकडची बाजू थोरल्या पातीच्या राज्याची, पलीकडची धाकट्या पातीची. आम्ही बाकीचे मीठ-मिरचीसाठी दिवसभर या राज्यातून त्या राज्यात जायचो. पंत मात्र ओट्याच्या कडेला येऊन थांबत आणि म्हणत, "परराज्यात विनाकारण पाऊल टाकू नये, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. पंतांचा जन्म दरबारच्या बांधकामांवर देखरेख करण्यात गेलेला. आता पेन्शनीत होते. बायको वारलेली, आणि मुलगा नागपुराकडे नोकरीला. तो दर दिवाळीला येतो म्हणायचा आणि दर दिवाळीला त्याला रजा मिळायची नाही.

जगातल्या सगळ्या दुखण्यांवर पंतांकडे एकच औषध होतं: खणा. "आधी कुदळ, मग अक्कल," हे त्यांचं ब्रीद. माझ्या बायकोला झोप येत नाही म्हटलं तर म्हणाले, परसात दोन वाफे खणायला सांगा. सणावारी आमच्याकडे जेवायला बसले की भातात एवढं मोठं आळं करीत की वरणाचं भांडं त्यातच रिकामं व्हायचं. बायको पुटपुटायची, "यांच्या पानात तलाव बांधायचाय वाटतं."

समोर, धाकट्या पातीत, गणपतराव तांबटांचं भांड्यांचं दुकान होतं. हा माणूस पंतांच्याच वयाचा, तसाच एकटा, आणि मतानं नेमका उलटा. रोज संध्याकाळी पंत आपल्या ओट्यावर घोंगडी टाकायचे, गणपतराव दुकानाच्या फळीवर बसायचे आणि मधून गुरंढोरं जात असताना दोघे आपापल्या राज्यातून भांडायचे.

त्यात अफूचा बाजार बसला. चीनला माल जाईना, आणि माळव्यात तेव्हा अफू बसली की सगळेच बसायचे: शेतकरी बसला, सावकार बसला, सोनार तर भात्याजवळ बसल्या बसल्या पेंगायला लागला. झालं, गावात दोन तट पडले. खोदाईवाले म्हणायचे, दरबारानं तिजोरी उघडावी, तलाव खणावेत, रस्ते करावेत, लोकांच्या हाताला काम द्यावं. माफीवाले म्हणायचे, नसत्या उठाठेवी नकोत. सारा आणि जकात कमी करा, लोक आपलं आपण बघून घेतील. दोन्ही दरबारांपैकी कुणीही आमचं मत विचारलेलं नव्हतं. त्यामुळे चर्चा फार मोकळेपणानं चालायची.

पंत अर्थात खोदाईवाल्यांचे सेनापती. "ज्याच्या शेतात पीकच नाही त्याला सारा माफ? म्हणजे टकल्याला हजामत फुकट!" ते इकडून ओरडायचे. तिकडून गणपतराव शांतपणे विचारायचे, खणून झाल्यावर लोकांनी काय करायचं, खड्डा खायचा? मग पंत लाल व्हायचे. एकदा तर रागाच्या भरात ओट्यावरून उतरले, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, हद्द आठवली आणि तिथूनच परत फिरले. मागून येणारा गाडीवान बिचारा बैल आवरून उभा होता.

दसऱ्याच्या सुमाराला गणपतरावांनी सहज सांगावं तसं सांगितलं की, आता दुकान बंद करणार आणि कुक्षीला लेकीकडे जाणार. भांडी कोणी घेत नाही, मग नुसती पुसत कशाला बसू?

पंत लगेच उठले. घोंगडी झटकली आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या परसात धुळजी मजूर आणि त्याचे दोन भाऊ कुदळी घेऊन हजर. पंत विहीर खणणार होते. त्या परसात दोन हातांवर काळा खडक आहे हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धुळजीनं सांगून पाहिलं, "बासाब, यां पाणी नी हे." पंत म्हणाले, पाण्याची पंचाईत तुला कशाला, तू खण.

मजुरीची रीत तर आणखी अजब. अर्धी रोख, अर्धी तांब्याच्या घागरीच्या रूपात. घागरी आणायच्या गणपतरावांकडूनच, आणि आणायच्या मी. "मी घेतल्या तर तो म्हणेल पंत शरण आला," असं मला बजावलं. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. अहो, हा म्हातारा विहीर खणत नव्हता, समोरचं दुकान चालवत होता!

पण धुळजीच्या घरात जोंधळा नाही, तो तांब्याची घागर घेऊन काय करणार? तो ती तशीच समोर नेऊन गणपतरावांनाच विकायचा. एका संध्याकाळी मी नवी घागर आणायला गेलो तर तिच्या गळ्याशी ओळखीचा पोचा. परवाच मी ती आमच्या ओट्यावर आपटली होती. मी गणपतरावांकडे पाहिलं. ते फडक्यानं घागर पुसत होते.

जुनं भांडं मोडीच्या भावात घ्यायचं, हा तांबटाचा धर्म. यांनी मात्र धुळजीला पुरा भाव दिला होता. म्हणजे विक्री शून्य, नफा शून्य. मी म्हटलं, अहो, हा कसला धंदा?

"मोडीचा भाव दिला तर धुळजी उद्या येईल का कामावर?" ते हळूच म्हणाले. "खोदाई बंद पडली तर म्हातारा झुरेल, मास्तर. मी कुक्षीला गेलो तर भांडेल कुणाशी? मुलगा तर येत नाही. त्याला बोलू नका यातलं."

मी घागर घेऊन आलो. पंत परसात खड्ड्याच्या काठी बसले होते. त्यांनी घागर हातात घेतली, गळ्याशी अंगठा फिरवला, पोच्यावर थांबले.

"परत आली वाटतं," म्हणाले.

मग घागर अलगद खाली ठेवून म्हणाले, "मला पहिल्यापासून माहीत आहे. पण मला कळलंय हे त्याला कळू देऊ नका. तो मानी माणूस आहे, लाजेनं कुक्षीची गाडी धरेल. आणि तो गेला की मग या ओट्यावर बसून मी बोलू कुणाशी?"

मी मान डोलावली. एवढी मोठी दोन राज्यं, आणि दोन्हीकडचं राजकारण एकट्या माझ्या पोटात.

दिवे लागायच्या सुमाराला पंतांनी ओट्यावर घोंगडी टाकली. रोजच्यापेक्षा कडेला, अगदी रस्त्याला लागून. समोर गणपतराव फळीवर येऊन बसलेच होते.

"काय हो माफीवाले," पंतांनी आवाज चढवला, "कसा काय आहे धंदा?"

"जोरात आहे, पंत," पलीकडून उत्तर आलं. "पण तुमच्या खोदाईमुळे नव्हे, हे ध्यानात ठेवा!"