काचघरात अडकलेले दोन व्याही

"येत्या रविवारी तुम्हाला आमच्या काचघरातलं खरबूज खायला घालतो! असं खरबूज, की बाजारातल्या मालाकडे तुम्ही पुन्हा ढुंकून बघणार नाही!"

लिफ्टसाहेबांनी होणाऱ्या व्याह्यांना फोनवर हे ठणकावून सांगितलं आणि रुबाबात फोन ठेवला. शेजारी बसलेल्या बायकोने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, एकच तर उरलंय."

"एकच लागतं! माणसं दोन येणार आहेत. काय खरबुजाच्या ढिगाऱ्यावर बसवायचंय त्यांना?"

लिफ्टसाहेब म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. बत्तीस वर्षं त्यांनी उंच उंच इमारतींमधून अडकलेली माणसं बाहेर काढली. निवृत्त झाले, तेव्हा बाहेर काढायला कोणी उरलं नाही. मग त्यांनी परसात काचघर बांधायला घेतलं. पाडलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या गोळा केल्या, एकेक काच स्वतःच्या हाताने बसवली. आत काकड्या, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि खरबुजाचे दोन वेल. दाराला त्यांनी जुन्या लिफ्टची स्प्रिंग लावली होती. दार आपोआप बंद होई, आणि ते असं होई की शेजारच्या घरातलं मांजर दचकून उठे. एक्झॉस्ट फॅनही होता. तो विमानासारखा घोंघावे. त्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं, कारण वायर तिथपर्यंतच पुरली.

खरबुजांवर तर साहेबांचा जीव. मधमाश्या काचघरात येत नाहीत, म्हणून ते स्वतः रंगाचा ब्रश घेऊन नर फुलातला पराग मादी फुलांना लावत. "मधमाशीला सहा पाय, मला दोनच, म्हणून वेळ लागतो," असं बायकोला सांगत. नऊ फळं धरली. चार पिवळी पडून गळली, तीन गोगलगाईंनी खाल्ली, एक साहेबांनी दाबून दाबून पिकलंय का हे पाहताना नासवलं. उरलं एक. त्याला त्यांनी स्वतःच्या बनियनची झोळी करून छताला टांगलं होतं.

रविवारी सकाळी साहेब काचघरात गेले आणि मटकन बादलीवर बसले. खरबूज या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलं होतं! आदल्या दिवशी त्यांनी मायेपोटी दोन बादल्या पाणी जास्त घातलं होतं. फळाने बिचाऱ्याने प्यायचं तेवढं पाणी प्यायलं, आणि शेवटी फुटलं.

पाहुणे अकराला येणार होते. साडेनऊ वाजले होते.

साहेबांनी बायकोला काही सांगितलं नाही. "सुतळी आणतो" असं म्हणून बाहेर पडले, कोपऱ्यावरच्या फळवाल्याकडून त्याच मापाचं खरबूज घेतलं, शर्टाच्या आत लपवलं आणि आठ महिन्यांच्या गरोदर बाईसारखे कंबरेवर हात ठेवून मागच्या दाराने परत आले. काचघरात शिरले. बनियनची झोळी सोडवली, फुटकं फळ खताच्या पिंपात टाकलं, नवीन फळ झोळीत बसवलं, देठ वेलाला सुतळीने बांधला. दोन पावलं मागे होऊन पाहिलं. वा! वेलालासुद्धा खरं वाटलं असतं!

मग त्यांनी दार ढकललं. दार हललं नाही.

पुन्हा ढकललं. खांद्याने ढकललं. पाठीने ढकललं. लाकूड दमटपणाने फुगून चौकटीत असं घट्ट बसलं होतं, की जणू तिथेच उगवलं होतं.

बत्तीस वर्षं साहेब अडकलेल्या लोकांना एकच सांगत आले होते : "घाबरू नका, हलू नका, शांत उभे राहा." ते साडेतीन मिनिटं शांत उभे राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बाहेरून येणारा लिफ्टवाला आत आहे.

फोन घरात चार्जिंगला. बायको स्वयंपाकघरात, मिक्सर चालू. ऊन चढायला लागलं. शर्ट काढला. मग बनियन काढावा म्हटलं, तर तो खरबुजाने घातलेला. दहा मिनिटांनी पँट काढून टोमॅटोच्या काठीवर टांगली. चट्ट्यापट्ट्यांच्या अर्ध्या चड्डीत साहेब कुंडीवर बसून वर्तमानपत्राने वारा घेऊ लागले.

आणि पाहुणे पंचवीस मिनिटं आधीच आले!

होणारे व्याही दातांचे डॉक्टर होते. उंच, हसतमुख, समोरच्याच्या तोंडात बघत बोलायची सवय. विहीणबाई कोर्टात लघुलेखिका होत्या. त्यांच्या पर्समध्ये वही आणि पेन्सिल कायम असत, कोणी नुसतं शिंकलं तरी वेळेसकट नोंद होई. मुलगी आणि होणारा जावई त्याच्या गाडीतून मागून येत होते.

"साहेब कुठायत?" डॉक्टरांनी विचारलं.

"खरबुजापाशी असतील," बायको म्हणाली. "परसात. तुम्ही व्हा पुढे, मी चहा टाकते."

डॉक्टर एकटेच परसात गेले. वाफाळलेल्या काचेमागे काहीतरी गुलाबी, गोलसर हलताना दिसलं. त्यांना वाटलं, फळ चांगलंच मोठं आहे!

"डॉक्टर! अहो डॉक्टर!" फळ ओरडलं. "दार अडकलंय! बाहेरून ओढा!"

डॉक्टरांचे डोळे चमकले. तीस वर्षं त्यांनी अडकलेल्या गोष्टीच तर उपटल्या होत्या! त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला, दाराची मूठ धरली, आधी डावीकडे हलवली, मग उजवीकडे, आणि म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं." एक हिसका, दोन हिसके, तिसऱ्याला दार उघडलं! मूठही निघून हातात आली. डॉक्टर तिच्याकडे अक्कलदाढेसारखे कौतुकाने बघत आत शिरले.

"बरे आहात ना? घाम फार..."

"दार धरा! दार!"

धाड्! स्प्रिंगने आपलं काम चोख केलं.

आता बाहेर मूठ नव्हती आणि आत दोन माणसं होती.

"काच फोडू या?" डॉक्टरांनी अदबीने विचारलं.

"काचेला हात लावायचा नाही! एकेक काच मी..."

"बरं, बरं. तुमचं घर."

पाच मिनिटांत डॉक्टरांचा शर्ट गेला. पंधरा मिनिटांत चड्डी आणि टाय सोडून सगळंच काठीवर गेलं. टाय राहिला, कारण त्याची गाठ घामाने आवळली होती. दोघांच्या घशाला कोरड पडली. डॉक्टरांची नजर हळूहळू बनियनमधल्या खरबुजाकडे वळली. साहेबांचीही वळली. साहेबांनी छाटणीची कात्री उचलली.

"अहाहा!" पहिल्या फोडीला डॉक्टरांनी डोळे मिटले. "घरचं ते घरचं! बाजारात ही चव..." आणि ते थांबले. त्यांनी दोन बोटं तोंडात घातली, सराईतपणे मागच्या दाढेतून काहीतरी काढलं आणि उजेडात धरलं. फळवाल्याचं गोल चकचकीत लेबल होतं ते.

साहेबांना वाटलं, घामाबरोबर आपणही वाहून जावं.

"साहेब," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "माझे पुढचे चार दात खोटे आहेत. आमच्या हिलासुद्धा माहीत नाही. फोड द्या."

त्या क्षणी साहेबांना मनापासून वाटलं, मुलीने घराणं चांगलं निवडलं.

एव्हाना दोघी बायका बाहेर आल्या होत्या. आतल्यांना वारा लागावा म्हणून बायकोने बाहेरचं फॅनचं बटण दाबलं, आणि दाराला मूठ नाही म्हटल्यावर मुलीला फोन केला. "अर्ध्या तासात पोचतो, तोवर काही करू नका," असं ती म्हणाली. मग बायकांनी काचघराबाहेर सावलीत खुर्च्या टाकल्या, चहा घेतला आणि विषय काढले. विहीणबाईंनी वही उघडली.

आतून काही धड दिसत नव्हतं, आणि फॅनच्या घोंघावण्यात काही धड ऐकूही येत नव्हतं. थोड्या वेळाने विहीणबाईंची सावली काचेपाशी आली.

"...घूंऽऽ...चाल ना?"

"काय म्हणतेय?" साहेबांनी विचारलं.

"वाचाल ना, विचारतेय," डॉक्टरांनी टायच्या टोकाने डोळे टिपले. "तीस वर्षांत पहिल्यांदा काळजी केली!" ते काचेला तोंड लावून ओरडले, "हो! हो! नक्की! तुझ्यासाठी!"

मग साहेबांच्या बायकोची सावली आली. "...घूंऽऽ... पा...यचं ना?"

"पाणी!" साहेब ताडकन उठले. "पाणी प्यायचं ना, म्हणतेय!" दोघांनी माना डोलावल्या. साहेबांनी तर हात जोडले, वर काचेवर दोन्ही तळवे आपटले. सावलीने समाधानाने मान हलवली आणि निघून गेली. पाणी काही आलं नाही.

दहा मिनिटांनी ती सावली परत आली. या वेळी हातात काहीतरी जड, दांड्याचं होतं. "...पा... देऊ का?"

"पाडून देऊ का, म्हणतेय!" साहेबांनी डोकं धरलं. "हातात हातोडा आहे! माझ्या काचा!"

"नको! नको!" दोघे एका सुरात किंचाळले. साहेबांनी हात आडवे केले. डॉक्टरांनी टायसकट मान हलवली. सावली क्षणभर थबकली आणि हातातलं ते तसंच घेऊन परत गेली.

"वाचल्या," म्हणत साहेब कुंडीवर कोसळले.

शेवटी मुलगी आणि जावई आले. जावयाने फॅन बंद केला. मुलीने दाराभोवती एक नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला आहेत की. चार स्क्रू तर आहेत." चार मिनिटांत दार निखळून गवतावर पडलं. आतून चड्डीतले दोन बाप बाहेर आले, एकाच्या गळ्यात टाय, दोघांच्या हनुवटीवर खरबुजाचा रस.

बायकोने चादरी दिल्या. साहेबांनी बागेच्या नळालाच तोंड लावलं, डॉक्टर मागे रांगेत. विहीणबाईंनी घसा खाकरला.

"तुम्ही दोघांनी इतकी समजूतदार साथ दिलीत, म्हणून सगळं आजच ठरलं. वाचून दाखवते. विषय पहिला : लग्न दोन महिन्यांनी, मोजकी माणसं. मुलांचा होकार फोनवर. विषय दुसरा : आमच्या ह्यांनी दर शनिवारी माझ्याबरोबर क्लासला येऊन नाचायचं. 'नाचाल ना?' असं विचारता उत्तर : 'हो, हो, नक्की, तुझ्यासाठी.'"

डॉक्टरांनी नळाचा आधार घेतला.

"विषय तिसरा : मुलांना राहायला परसात खोली बांधायची, त्यासाठी काचघर पाडायचं. 'पाडायचं ना?' असं विचारता दोघांचाही होकार. मुलीच्या वडिलांनी हात जोडले."

"पाडायचं?" साहेबांच्या तोंडातलं पाणी चादरीवर आलं. "अहो, मी पाणी मागत होतो! घसा कोरडा पडला होता! पाण्यासाठी हात जोडले मी!"

"अहो, काहीतरीच काय?" बायको म्हणाली. "एवढा मोठा दांड्याचा जग पाण्याने भरून आणला होता मी."

विहीणबाईंनी शांतपणे पान उलटलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"पाण्याची नोंद आहे ना. विषय चौथा : दोघांना पाणी देऊ का? दोघांचाही स्पष्ट नकार."