एकशे अठरा मुजरे आणि बाबागाडीच्या स्प्रिंगा

महिपतरावांनी फूलबागेसमोर, भर दिवसा, मोटरसायकलवर बसल्या बसल्या सरदारसाहेबांना एकशे अठरा मुजरे केले. पण त्यात स्प्रिंगांचा काही हात होता, असं काही झालेलंच नाही, हे महिपतरावांनी स्वतः दाना ओलीतल्या आपल्या घरी चार जणांना बोलावून सांगितलेलं आहे. वडीलधाऱ्या माणसाच्या शब्दाला मान द्यावा. झालं नाही म्हणजे नाही. तेव्हा आपण आधीचं बोलू.

आधीचं असं, की कान्होजींची बायको शालिनी श्रावणात माहेरी गेली ती दिवाळी उलटली तरी परतली नव्हती. भांडण नव्हतं. अडचण होती ती तिच्या वडिलांच्या, म्हणजे महिपतरावांच्या, माकडहाडाची.

कान्होजींनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून जुनी मोटरसायकल घेतली होती. साल एकोणीसशे छत्तीस. जयेंद्रगंजात त्यांच्या गल्लीत दुसरी मोटरसायकल नव्हती. शालिनीला मागे बसवून संध्याकाळी फूलबागेला एक चक्कर मारायची, एवढंच त्यांचं स्वप्न. पण पहिला मान सासऱ्यांचा, म्हणून त्यांनी आधी महिपतरावांना बसवलं. त्या काळच्या मोटरसायकलींचं मागचं चाक थेट सांगाड्यालाच जखडलेलं असे. रस्त्याला जे काही म्हणायचं असेल ते तो बसणाऱ्याला तोंडावर सांगे. मध्ये रदबदली करायला मागच्या सीटखाली दोन स्प्रिंगा, आणि त्या साहेबाच्या वजनाने कधीच चपट्या झालेल्या. दाना ओलीपर्यंत पोचल्यावर महिपतराव आठ दिवस उभ्याने जेवले.

"चाळीस वर्षं रिसाल्यात घोड्यावर काढली," ते भिंतीला हात टेकून म्हणाले, "पण घोड्याला निदान आपली शरम असते. ह्या गाडीवर माझी मुलगी बसणार नाही, जावईबापू. आधी मला इथून जयेंद्रगंजला न्या. माझ्या हाडाला पत्ता लागता कामा नये. मग शालिनीला पाठवतो."

"तोवर टांग्यातून पाठवा ना, मामासाहेब."

"घरात गाडी असताना माझी मुलगी टांग्यातून? लोक काय म्हणतील?"

कान्होजी तडक दौलतसिंह मिस्त्रीकडे गेले.

दौलतसिंह टांगे दुरुस्त करायचा आणि मोटरसायकलला लोखंडी टांगाच समजायचा. त्याने टांग्याच्या स्प्रिंगेच्या पोलादी पट्ट्या कापून सीटखाली बसवल्या. "हुजूर, दो सवारी, एक कोचवान, ऊपर से गठरी, सब इसी पर चलता है."

"पण आराम?"

"आराम का घोड़े से पूछा नहीं कभी."

आराम मोजायचा कसा, हा प्रश्न कान्होजींच्या आई दुर्गाबाईंनी सोडवला. त्यांनी मागच्या सीटवर दोन शेर दह्याचं मडकं बांधलं. "दही जसंच्या तसं आलं तर व्याही पण जसेच्या तसे येतील," त्या म्हणाल्या. कान्होजी फूलबागेपर्यंत जाऊन आले. दह्याचं ताक झालं होतं आणि वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा तरंगत होता.

"बिलकुल बेकार," कान्होजी हताशपणे म्हणाले.

"बेकार कशी? ही पट्टी काढू नकोस रे," दुर्गाबाई मडक्यात डोकावून म्हणाल्या. "माझे दोन तास वाचतायत."

दुसरी स्प्रिंगांची जोडी एका लिलावातल्या सोफ्याची. त्या वेळी दह्याचं काय झालं हे सांगता येत नाही, कारण फूलबागेच्या वळणावर मडकं उडून भिंतीपलीकडे गेलं. कान्होजी आत जाऊन बघतात तो मडकं गवतावर सरळ उभं, आणि माळी शेजारी बसून भाकरीबरोबर दही खातोय. "अच्छा जमा है," तो म्हणाला. पण त्याची साक्ष आराम ह्या मुद्द्यावर धरता येईना.

तिसऱ्या वेळी दौलतसिंहाने फडक्यात गुंडाळलेल्या दोन नाजूक स्प्रिंगा आणल्या. एका मडमेच्या बाबागाडीच्या. "हुजूर, इस पर अंग्रेज़ का बच्चा सोया है. दो साल. रोया नहीं."

त्यावर दही गेलं आणि आलं. सायसुद्धा हलली नाही. दुर्गाबाईंनी बोट बुडवून पाहिलं आणि काहीशा नाखुशीनेच मान हलवली. कान्होजींच्या डोळ्यांत पाणी आलं. दही दोन शेर होतं आणि महिपतराव अडीच मण, एवढी एकच बाब चाचणीत राहून गेली.

महिपतराव लेकीच्या सासरी जायचं म्हणून अंगरखा आणि जरीची पगडी घालून निघाले. शालिनी दारात, ट्रंक भरून तयार. "अहो, हळू न्या," ती हळूच म्हणाली. "माझा सगळा मामला त्यांच्या हाडावर आहे."

दाना ओली मागे पडली. गाडी अशी चालली की महिपतराव मागून म्हणाले, "जावईबापू, हे हाड माझंच आहे ना?"

"आपलंच, मामासाहेब!"

"मग शालिनी उद्या सकाळी तुमच्याकडे."

आणि तेवढ्यात फूलबागेसमोर सरदारसाहेबांची उघडी बग्गी पुढे आली. मोटरसायकलच्या आवाजाने सरदारसाहेबांनी मागे वळून पाहिलं. आता सरदाराची नजर पडली की मुजरा करायचा, कंबरेत वाकून हात खाली न्यायचा आणि मग कपाळाशी, असा तीनदा. महिपतरावांनी आयुष्यात तो कधी चुकवला नव्हता. ते वाकले.

अडीच मण एका बाजूला कलल्याबरोबर बाबागाडीच्या स्प्रिंगा पार खाली बसल्या, आणि मग त्यांनी महिपतरावांना वर पाठवलं. वर गेल्यावर पगडी सुटू लागली, म्हणून हात कपाळाशी. खाली आल्यावर तोल जाऊ लागला, म्हणून हात सीटच्या दांडीला. पुन्हा वर, हात पगडीला. पुन्हा खाली, हात दांडीला. आता मुजरा म्हणजे ह्याहून वेगळं काय असतं?

"थांबवा!" महिपतराव वरून ओरडले.

कान्होजींनी ब्रेक दाबायला पाय उचलला.

"थांबू नका!" महिपतराव खालून ओरडले. "मुजरा चालू असताना मागे राहिलो तर पळालो असं होईल!"

"मग पुढे काढू?"

"सरदारांच्या पुढे? मती ठिकाणावर आहे का तुमची?"

तेव्हा गाडी बग्गीच्या मागे, बग्गीच्याच चालीने, दहा हातांवरून चालत राहिली. आणि सरदारसाहेबांचीही पंचाईत झाली, कारण कुणी मुजरा करत असताना तोंड फिरवणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. ते मान मागे वळवून प्रत्येक मुजऱ्याला छातीशी हात नेत राहिले. समोर बसलेले कारभारी हिशोबी माणूस. त्यांनी मोजायला सुरुवात केली. बग्गी वाड्याच्या फाटकात वळली तेव्हा आकडा एकशे अठरावर होता, आणि सरदारसाहेबांचं अंग फाटकाकडे असलं तरी तोंड रस्त्याकडेच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं.

"शालिनीला विसरा," वाड्याच्या पायऱ्या चढताना महिपतराव म्हणाले. "माझी पगडी गेली म्हणजे तुमचं सासर गेलं."

सरदारसाहेब मानेला शेक घेत बसले होते. तोंड खिडकीकडे, त्यामुळे ते सगळं खिडकीशीच बोलले. "लोक हल्ली तीन मुजरे करतात, तेही घड्याळ बघत. तुम्ही एकशे अठरा केलेत. चालत्या गाडीवर! अशी अदब आम्ही पाहिली नाही."

"सरकार, ते खरं म्हणजे स्प्रिंगा..." कान्होजींनी तोंड उघडलं. महिपतरावांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

"कसल्या स्प्रिंगा? मनातून आले, सरकार."

"मग रोज सकाळी येत जा," सरदारसाहेब खिडकीला म्हणाले. "असेच. त्याच गाडीवर."

महिपतराव त्याच दुपारी जयेंद्रगंजात राहायला आले. गाडी तिथे असताना आपण दाना ओलीत राहून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. शालिनीही आली. टांग्यातून, मांडीवर वडिलांच्या पगडीची पेटी घेऊन, कारण मागची सीट भरलेली होती.

"अहो, फूलबाग दाखवणार होतात ना?" पंधरा दिवसांनी तिने विचारलं.

"सकाळी मामासाहेबांची हजेरी. संध्याकाळी मामासाहेबांचा सराव."

"मग आपण कधी?"

"स्प्रिंगा बदलल्या की."

कान्होजींनी एकदा चोरून टांग्याच्या पट्ट्या परत बसवूनही पाहिल्या. पण महिपतराव आता निघण्याआधी रोज मागच्या सीटवर दह्याचं मडकं ठेवून एक चक्कर मारायला लावतात. ताक दिसलं आणि ते सगळं समजले. दुर्गाबाई तेवढ्या लोणी घेऊन गेल्या.

शेवटी कान्होजींनी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून बांधकाम खात्यात दिला. तो असा:

"सेवेशी विनंती ऐसी जे, अर्जदाराच्या मोटरसायकलवरून अर्जदाराच्या सासऱ्यांना, त्यांच्या मानमरातबाला धक्का न लागता, खाली उतरवण्याचा हुकूम व्हावा. तसं करणं खात्याच्या अखत्यारीत नसल्यास, फूलबाग आहे तिथून उचलून, झाडं, कारंजी व माळी यांसह, अर्जदाराच्या घरामागे आणून ठेवावी, म्हणजे अर्जदार आपल्या पत्नीस पायीच घेऊन जाईल. काम पावसाळ्यापूर्वी व्हावं. माळ्यास दही अर्जदार पुरवील."