शंभरपैकी शंभर

समुपदेशकसाहेबांना खात्री होती की त्यांच्या खेळात पहिल्या फटक्यात कोणीही पास होणार नाही. खेळ मोबाईलवरचा, आरोग्य केंद्रात येणाऱ्या तरुण मंडळींसाठी त्यांनी स्वतः रचलेला. पडद्यावर खोटे प्रसंग येतात: नवा जोडीदार, दोघांनाही घाई, जवळ कंडोम नाही, आता काय कराल? उत्तर चुकलं की धोक्याचा काटा लाल होतो आणि खऱ्या आयुष्यात चुकण्याआधीच माणसाला घाम फुटतो. केंद्रातले दोन डॉक्टरसुद्धा नापास झाल्यामुळे साहेबांची छाती आणखीच फुगली होती.

रविवारी त्यांनी तो बायकोच्या हातात दिला. तिने भाजी निवडता निवडता एका बोटाने सगळी उत्तरं दिली आणि शंभरपैकी शंभर गुण मिळवले.

साहेबांनी गुण दोनदा तपासून पाहिले. आधी दोघांची तपासणी, मग बाकीचं, हे हिला कोणी शिकवलं? पाकिटावरची तारीख बघून घ्यायची, हे तर तिने प्रश्न पुरता वाचण्याआधीच दाबलं! एवढी तयारी सरावाशिवाय होत नाही, असं त्यांचं मन सांगू लागलं. मग बायको फोनवर हसली रे हसली, की यांना तहान लागायची आणि ते तिच्या आसपास घुटमळायचे. चौथ्या दिवशी लाज सोडून त्यांनी तिची पर्स उघडली. आत कंडोमची तीन पाकिटं! अकरा वर्षांचा संसार गेला म्हणून त्यांना खरोखर रडू आलं.

"ही कोणासाठी?" त्यांनी पाकिटं तिच्यापुढे ठेवली.

"अहो, तुमचीच आहेत. प्रात्यक्षिकाला नेता आणि पँटच्या खिशात विसरता. धुवायला टाकताना मी काढून पर्समध्ये ठेवते."

उत्तरांचंही तिने सांगून टाकलं. गेली अकरा वर्षं साहेब बाथरूममध्ये मोठ्याने व्याख्यानाची तालीम करत होते. शेजारच्या आजींनासुद्धा शंभर पडले असते. साहेब सुटकेने हसू लागले, पण ती हसली नाही.

"पाकीट जवळ ठेवायला लाजू नका, असं पोरींना रोज सांगता ना? त्या का लाजतात, ते आता कळलं?"

साहेबांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेळात नवा प्रसंग घातला: बायकोच्या पर्समध्ये पाकीट सापडलं, आता काय कराल? तीन पर्यायही झटपट लिहिले. त्यातला बरोबर कोणता, हे मात्र त्यांना घरी फोन करून विचारावं लागलं.