साजूक तुपातला बार

मेधाच्या डायनिंग टेबलावर आठ महिने कोणी जेवलं नव्हतं. तिथे गोळ्या मांडलेल्या होत्या. शिशाच्या गोल गोळ्या, शिशाच्या लांबट गोळ्या, बुडाला खळगा असलेल्या, नसलेल्या. प्रत्येक डबीवर लेबल, आणि शेजारी लॅपटॉपवर चौदा रकान्यांचा तक्ता. बंदूक आणि बारूद तेवढी शेजारच्या नॉर्मकडे कुलपात होती, म्हणून बरं.

तिचा नवरा विलास ऑस्ट्रेलियात टूवूंबाच्या युनिव्हर्सिटीत सिंचन शिकवतो. मूळचा पुण्याचा. काम हातात घेतलं की त्याचा पार कीस काढायचा, हा स्वभाव. साधा मिक्सर घ्यायला त्याला पाच आठवडे लागले होते. पण तो मिक्सर अकरा वर्षं बिघडलेला नाही, हेही सांगायला हवं!

नॉर्म अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. जन्मभर शेती केलेला, सहा वर्षांपूर्वी बायको जॉइस गेल्यापासून एकटा. येत्या मे महिन्यात तो मुलीकडे पर्थला कायमचा जायचा होता. जाण्याआधी आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीने एक शेवटची शिकार करायची, असं नेमबाजीच्या क्लबातल्या सगळ्यांनी त्याच्यासाठी ठरवून टाकलं होतं. ही बंदूक म्हणजे जुना मामला. नळीच्या तोंडातून आधी बारूद ओतायची, मग तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळलेली गोळी गजाने आत ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, की एक बार तयार. नॉर्मचे हात आता थरथरत. मग ठासणार कोण? दोन वर्षांपूर्वी त्याच्याच नादाने लायसन्स काढलेला विलास.

"एकच गोळी, आणि जनावर तडफडणार नाही," विलासने शब्द दिला.

"त्या हरणाने तुझं काय घोडं मारलंय?" मेधाने विचारलं.

"अगं, नॉर्मची शेवटची शिकार आहे. माझ्यामुळे फसली तर मी तोंड कुठे दाखवू?"

तिने उसासा टाकला आणि जेवणाची पानं सोफ्यापुढच्या टीपॉयवर मांडली.

इंटरनेटवरची सगळी माहिती अमेरिकन. ती मंडळी एल्क मारणारी, आणि एल्क म्हणजे साडेतीनशे किलोचं धूड. इथलं रेड डिअर त्याच्या निम्मं. विलासने सरळ त्रैराशिक मांडलं. साडेतीनशे किलोला शंभर ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम बारूद, तर एकशे ऐंशी किलोला किती?

"मेट, हरीण आहे ते. त्याला गणित येत नाही," नॉर्म म्हणाला.

"मला येतं ना!"

मग दर शनिवारी दोघं क्लबच्या मैदानावर. साठ ग्रेन, सत्तर, ऐंशी, नव्वद. गोल गोळी, लांबट गोळी. प्रत्येक बारानंतर विलास धावत जाऊन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजायचा आणि नॉर्म खुर्चीत बसून थर्मासमधला चहा प्यायचा. शेवटी गोल गोळी आणि ऐंशी ग्रेन, असा निकाल लागला. आता राहिली चकती. नॉर्मचं घराणं तिला मेंढीची चरबी आणि मेण लावत आलेलं. विलासने हात मागे घेतला.

"चरबी नाही. काडतुसाच्या चरबीवरून आमच्याकडे अठराशे सत्तावन्नला केवढं रामायण झालंय!"

"मग काय लावणार?"

विलास घरी आला आणि मेधाच्या साजूक तुपाच्या बरणीकडे बघू लागला.

"हात लावशील तर खबरदार!" मेधा ओरडली. पण नॉर्मसाठी आहे म्हटल्यावर तिनेच वाटीभर तूप काढलं, त्यात मेण वितळवलं, चकत्या बुडवल्या. पुढच्या शनिवारी काय व्हावं? आधी पाच भोकं बशीएवढ्या जागेत पडायची, ती चमच्याच्या खोलगट भागात मावली! क्लबातले म्हातारे रांगेने येऊन चकतीचा वास घेऊन गेले. त्या आठवड्यात मेधाने तीन किलो लोणी कढवलं, आणि तिचं नाव त्या मैदानावर फार आदराने घेतलं जाऊ लागलं. खरंच, त्या बाईच्या हाताला तोड नाही.

एप्रिलमधल्या एका गार सकाळी दोघं नॉर्मच्या मित्राच्या रानात एका ओंडक्याआड बसले. विलासच्या मांडीवर यादी होती: बारूद, चकती, गोळी, गज, टोपी. प्रत्येकापुढे चौकोन. बारूद मोजून भरलेली नळकांडी खिशात. ऐंशीच ग्रेन का, नव्वद का नाहीत, हे नॉर्मला शेवटचं समजावता समजावता त्याने बंदूक ठासली, सुबक खुणा केल्या आणि ती नॉर्मच्या हातात दिली.

आणि हरीण आलं. काय जनावर होतं! डोक्यावर बारा टोकांची शिंगं, मानेला आयाळ. साठ पावलांवर येऊन ते लुसलुशीत गवत खाऊ लागलं. नॉर्मने बंदूक ओंडक्यावर टेकवली, नेम धरला, चाप ओढला.

फट्.

टोपी वाजली, बस्स. हरणाने मान वर करून बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"हलू नकोस! बार उशिरा पेटू शकतो. नियमाप्रमाणे एक मिनिट थांबायचं," विलास कुजबुजला. दोघं घड्याळ बघत थांबले. हरीणही थांबलं. नवी टोपी. फट्. पुन्हा एक मिनिट. तिसरी टोपी. फट्. आता हरणाने यांच्याकडे चांगलं निरखून पाहिलं आणि सावकाश, अजिबात घाई न करता, झाडीत निघून गेलं.

विलासने घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला. रुमालाबरोबर नळकांडं बाहेर पडलं. काठोकाठ भरलेलं. त्याने यादी बघितली. बारुदीपुढे खूण होती. खूण केली होती, बारूद घालायची राहिली होती!

परतीच्या वाटेवर गाडी विलास चालवत होता. एस्क गाव मागे पडल्यावर तो म्हणाला, "सॉरी, नॉर्म. तुझी शेवटची शिकार मी घालवली."

"नळकांडं तुझ्या खिशातच राहिलं, ते मी बघितलं होतं."

"काय? मग बोलला का नाहीस?"

नॉर्मने खिडकीची काच खाली केली. "जॉइस गेली त्या वर्षी असंच एक हरीण समोर आलं. माझ्याने चाप ओढवेना. तेव्हापासून दरवर्षी मी बारूद न घालताच जातो, आणि क्लबात नेम चुकला म्हणून सांगतो. यंदा हात चालेनात. ठासायला आलास तू, इतका नेमका माणूस! आता हरीण वाचत नाही, या भीतीने मला झोप येत नव्हती, मेट."

"मग आधीच नाही म्हणायचं! आठ महिने मी..."

"आठ महिने शनिवारी माझ्या दारात कोणीतरी येत होतं," नॉर्म म्हणाला. "ते मी कशाला थांबवू?"

विलासचे डोळे भरून आले. त्याने गाडी कडेला घेतली आणि उगाचच आरसा पुसला.

घरी मेधाने दोघांना टेबलावर गरम वरण-भात वाढला. गोळ्या तिने केव्हाच उचलल्या होत्या. तिने भातावर तुपाची धार धरली. नॉर्मने वास ओळखला आणि ताट आणखी पुढे केलं.

"तुझा तो तक्ता उघड," तो विलासला म्हणाला. "शेवटची ओळ राहिलीय. गोळी, गोल. चकती, मेधाच्या तुपातली. बारूद, शून्य ग्रेन."

विलासने लिहिलं. "आणि निकाल?"

"उत्तम," नॉर्म म्हणाला. "सहा वर्षं हा बार एकदाही चुकलेला नाही."