मालकांचा टोमणा

गाद्यांच्या दुकानाचे मालक कधी सरळ बोलले, असं कुणाला आठवत नव्हतं. पंखा बंद करायचा असला की म्हणत, "राहू द्या चालू, वीज आपल्या घरचीच आहे!" काउंटरवरच्या ताईंनी डुगडुगत्या स्टुलाऐवजी खुर्ची मागितली, तेव्हा म्हणाले, "खुर्ची कशाला? एवढ्या गाद्या आहेत, झोपूनच काम करा की!" ताईंना सवय होती. मालक जे बोलतील त्याच्या उलट वागायचं, की झालं.

नव्या मदतनिसाला ही सवय कुठून असणार? मदतनीस म्हणजे काउंटरवरचा कॉम्प्युटर. तोंडी सांगितलेलं ऐकायचा, ऑर्डरी लिहायचा, गिऱ्हाइकांना निरोप धाडायचा. त्याच्या जोडीला मालकांनी हौसेनं एक मोहोरबंद नोंदवहीही घेतली. मदतनिसाला कुणी काय सांगितलं आणि त्यानं काय केलं, ते सगळं तीत आपोआप उतरायचं.

"एक अक्षर खोडलं तरी पुढच्या सगळ्या ओळींची मोहोर तुटते," मालक ताईंकडे रोखून बघत म्हणाले होते. "शिवाय प्रत्येक ओळीची प्रत थेट हिच्या फोनवर! आता बघतोच कोण लबाडी करतं ते."

ही म्हणजे मालकीणबाई. दुकान त्यांच्या माहेरचं, तेव्हा प्रत तिकडे जाणं भागच होतं.

आणि सोमवारी सकाळी ताईंनी शटर वर केलं, तर बाहेर ही रांग! एका गृहस्थांच्या डोक्यावर गादी. मागच्या स्कूटरवर पुढे नवरा, मागे बायको, मधे गादी. एक आजोबा तर फुटपाथवर गादी पसरून चक्क आडवे झाले होते.

"अहो, हे काय?" ताईंनी विचारलं.

"तुमचाच निरोप आला की," आजोबा पडल्या पडल्या म्हणाले. "महिनाभर झोपा, जुनी आणून द्या, नवी फुकट न्या."

तेवढ्यात मालक गाद्यांमधून वाट काढत आले. प्रकार कळताच त्यांचा पारा चढला. "ताई! हा तुमचाच उद्योग! शनिवारी त्या बाईंची वापरलेली गादी तुम्हीच परत घेत होतात ना?"

"घेत होते, तिची शिवण उसवली होती म्हणून. निरोप मी नाही धाडला."

"मग काय गादीनं धाडला? चूक कबूल केल्याचं लिहून द्या आणि उद्यापासून येऊ नका."

हे मात्र मालक अगदी सरळ बोलले. उलट अर्थ काढायला जागाच नव्हती. घरात कमावणाऱ्या ताई एकट्याच. पण केलं नाही ते कबूल करायचं? त्यांनी पदर खोचला.

"लिहून देणार नाही. घालवायचं तर घालवा, पण खोटं लिहून देऊन मी या दारातून जाणार नाही. ती तुमची मोहोरबंद वही उघडा आधी. सगळ्यांसमोर!"

"उघडतो की! घाबरतो काय?" मालक म्हणाले आणि खात्री करून घ्यायला कॉम्प्युटर उचलून आधी एकटेच केबिनमध्ये गेले.

वहीत स्वच्छ लिहिलं होतं. शनिवार. आवाज मालकांचा. 'वा, ताई, वा! महिनाभर झोपा, जुनी आणून द्या, नवी फुकट न्या! कळवून टाका सगळ्या गिऱ्हाइकांना!' त्याखाली मदतनिसाचं उत्तर: कळवलं.

मालकांना दरदरून घाम फुटला. "हे पूस," ते कुजबुजले.

"पुसता येत नाही," मदतनीस खणखणीत आवाजात म्हणाला. "पुसायला सांगितल्याची नोंद केली."

"अरे हळू बोल! मालकांच्या जागी ताई लिही."

"बदलता येत नाही. ताईंचं नाव घालायला सांगितल्याची नोंद केली."

"गाढवा!"

"नोंद केली."

मालकांनी वायर उपटली. पण उपयोग काय? शेवटची ओळ होती, 'मालक वायर उपटताहेत', आणि तिची प्रतही पोचली होती. पोचली होती म्हणजे काय, ती हातात घेऊन मालकीणबाईच दुकानात शिरल्या. त्यांनी कॉम्प्युटर पुन्हा काउंटरवर आणून लावला आणि सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. 'गाढवा'ला रांगेतून टाळ्या पडल्या.

"अहो, बाहेर जाऊन लोकांची माफी मागा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "शिवण उसवलेल्या गाद्या तेवढ्या बदलून देऊ. पण आधी ताईंची माफी मागा."

"माझी सगळ्यांसमोर," ताई म्हणाल्या. "आळही सगळ्यांसमोरच घेतला होता."

आता मात्र मालकांचा तोल गेला. "हो, हो! ताईंचं सगळं बरोबर, मीच एक मूर्ख! माफी कसली नुसती? माझी खुर्चीच द्या त्यांना, मी बसतो जन्मभर त्या स्टुलावर!"

"नोंद केली," मदतनीस म्हणाला.

मालकीणबाईंच्या फोनवर प्रत वाजली. ताईंनी स्टूल उचललं, केबिनमध्ये नेऊन ठेवलं आणि गुबगुबीत खुर्ची ओढत काउंटरवर आणली.

मालकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मदतनिसाकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

"जपून बसा हं," ताई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "त्याचा डावा पाय डुगडुगतो."